येलदरीची होडी आणि सायकलची तार

बालमित्रांनो, परभणीहून जिंतूरची एसटी पकडा. चाळीसेक किलोमीटरचा रस्ता आहे. जिंतूरला उतरून गरमगरम भजी खा आणि सेनगावच्या बाजूला जाणारी गाडी धरा. दोन्हीकडे काळीभोर जमीन, कापूस, तूर, सोयाबीन. ऊन असं की खिडकीच्या गजाला हात लावाल तर चटका बसेल. इथं कुठं पाणी असेल, असं कुणाला वाटणारही नाही. आणि मग शेजारी बसलेल्या आजीबाई म्हणतात, "आलं बरं का येलदरी!"

मान वळवून बघावं तर पाणीच पाणी!

हे पाणी पूर्णा नदीचं. आता एक घोटाळा आधीच सोडवून टाकू. महाराष्ट्राच्या नकाशात पूर्णा नावाची एकच नदी नाही. विदर्भातली एक पूर्णा तापीला मिळते. आपली पूर्णा वेगळी. ती अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते आणि परभणी जिल्ह्यात पूर्णा शहराच्या पुढे गोदावरीला भेटते. वाटेत येलदरीला तिला धरणानं अडवलं आहे. हे धरण 1968 साली पूर्ण झालं. मातीचं धरण, सुमारे 51 मीटर उंच आणि लांबी सव्वाचार किलोमीटरच्या आसपास. म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं तर तासभर हवा! धरण काठोकाठ भरलं की त्यात सुमारे 934 दशलक्ष घनमीटर पाणी साठतं. लिटरमध्ये मोजायचं तर 93,400 कोटी लिटर. करा बरं गणित, बरोबर येतं का ते!

धरणाच्या पायथ्याशी वीजघर आहे. तिथून वीज करून बाहेर पडलेलं पाणी खालच्या अंगाला सिद्धेश्वर धरणात अडवलं जातं आणि कालव्यांनी परभणी, हिंगोली, नांदेडच्या शेतांत जातं. एकच पाणी, पण कामं दोन.

ही झाली पुस्तकातली माहिती. मला तुम्हाला सांगायची आहे ती मात्र एका होडीची गोष्ट. होडीचीसुद्धा नाही खरं तर, होडीतल्या एका तारेची.

काही वर्षांपूर्वी मी येलदरीच्या जलाशयाकाठी एका मच्छीमार आजोबांकडे एक रात्र मुक्कामाला होतो. त्यांना सगळे आबा म्हणत, म्हणून मीही आबाच म्हणत असे. त्यांची नात सातवीत शिकत होती. तिचं नाव इथं सांगत नाही, आपण तिला ताई म्हणू. आबांची होडी पत्र्याची होती आणि होडीत एक डिझेल इंजिन बसवलेलं होतं. कसलं इंजिन, माहीत आहे? विहिरीवर पाणी उपसायला शेतकरी वापरतात ना, तेच! "विहीर आटली, इंजन रिकामं बसलं. मग म्हटलं, विहिरीचं पाणी ओढत होतं, आता मला ओढंल," आबा हसत म्हणाले.

आता जरा नीट लक्ष द्या. इंजिन जड, म्हणून ते होडीच्या मधोमध. आबा बसणार मागच्या टोकाला, कारण सुकाणू तिथं. म्हणजे इंजिन एकीकडे आणि हात दुसरीकडे. मोटारीत बघा, ड्रायव्हरच्या पायाखाली ॲक्सिलरेटर असतो, हाताशी गिअर असतो. पण इंजिन तर बॉनेटखाली! मधलं काम कोण करतं? तारा, दांडे, नळ्या. होडीतही तेच हवं. इंजिनाकडून तीन कामं करून घ्यायची असतात. वेग कमी-जास्त करणं, पंख्याला इंजिनाशी जोडणं किंवा त्यापासून सोडवणं, आणि इंजिन बंद करणं. मोठ्या होड्यांना यासाठी तयार पेटी मिळते, पण ती महाग. आबांनी सगळं घरीच जमवलं होतं.

पंख्याचं काम सोपं होतं. इंजिनाच्या चाकावरून एक पट्टा पंख्याच्या दांड्याकडे गेला होता. पिठाच्या गिरणीत असतो तसाच. एक लाकडी दांडा वर उचलून खाचेत अडकवला की पट्टा ताणला जाई आणि पंखा फिरे. दांडा खाली पाडला की पट्टा ढिला. मग इंजिन नुसतं घरघरत राही, होडी जागच्या जागी.

वेगासाठी मात्र आबांनी डोकं लढवलं होतं. इंजिनावर वेगाचा एक छोटा खटका असतो. त्या खटक्याला त्यांनी एक स्प्रिंग लावली होती. ती खटक्याला कायम 'जोरात' या बाजूला ओढून धरी. हळू जायचं असलं की आबा मागून नायलॉनची दोरी ओढायचे. दोरी होडीच्या कडेनं खिळ्यांवरून नेली होती.

मी विचारलं, "आबा, हे उलटं नाही का? जोरात जायला दोरी ओढावी, असं हवं ना?"

"पाव्हणं, तुम्ही सांगा," आबा म्हणाले, "पलीकडं जायला चाळीस मिनिटं लागतात. चाळीस मिनिटं दोरी ओढून धरू, का काठ आल्यावर दोन मिनिटं?"

काय बोलणार! मुलांनो, तुम्हीही हेच म्हणाला असता. मलाही ते पटलं. चुकीच्या गोष्टीची गंमतच ही असते. ती पहिल्यांदा ऐकताना शहाणपणाची वाटते.

सकाळी आम्ही तिघं निघालो. ताईच्या अंगावर हवा भरलेली ट्यूब होती, आणि आबांनी मलाही एक घालायला लावली. "पाण्याला वय कळत न्हाई," म्हणाले. दोघांनी जाळी ओढली. कटला आणि रोहू मिळाले, परातीत मावणार नाहीत एवढे. ऊन चढायला लागलं तसे परत फिरलो. काठ जवळ आला. काठावर दोन बायका धुणं धूत होत्या, पाण्यात म्हशी डुंबत होत्या.

आबांनी वेग कमी करायला दोरी ओढली आणि दोरी त्यांच्या हातात आली! खिळ्यावर घासून घासून ती झिजली होती. इकडे स्प्रिंगनं खटका खाडकन ओढला. हळू व्हायच्या ऐवजी होडी उसळलीच. समोर म्हशी, त्यांच्यामागे त्या दोघी.

आबांनी सुकाणू पार वळवलं. होडी एका कुशीवर कलली, माशांची परात घरंगळली. "दांडा पाडा! दांडा!" आबा ओरडले. मी इंजिनाच्या सगळ्यांत जवळ होतो. पण खरं सांगू? कुठला दांडा, तेच मला सुचेना. माझे हात नुसते हवेत. तेवढ्यात ताई माझ्या गुडघ्यावरून पुढे झाली आणि तिनं खाचेतला दांडा लाथेनं खाली पाडला. पट्टा ढिला पडला. इंजिन एक क्षण किंचाळलं आणि मग आपलं आपणच सावरलं. होडी गोल फिरून म्हशींपासून पाच-सहा हातांवर थांबली. एका म्हशीनं आमच्याकडे बघून कान हलवला, बस्स. कुणाला काही झालं नाही. पण आबा किती तरी वेळ सुकाणू सोडेनात. त्यांच्या हाताला कंप सुटला होता.

इथं दोन मिनिटं थांबू या. तुम्ही हुशार असाल तर एक प्रश्न विचारालच. पट्टा सुटल्यावर इंजिनावरचा भार गेला. मग ते वेडंवाकडं पळत का सुटलं नाही? कारण त्याच्या पोटात एक राखणदार बसलेला असतो. त्याला गव्हर्नर म्हणतात. दोन वजनं गोल फिरत असतात. इंजिन फार जोरात फिरलं की ती वजनं बाहेर फेकली जातात आणि डिझेल कमी करतात. मंद झालं की आत येतात आणि डिझेल वाढवतात. जेम्स वॉटनं 1788 च्या सुमारास आपल्या वाफेच्या इंजिनाला अशीच फिरती वजनं बसवली होती. आणि मजा बघा, धरणाखालच्या वीजघरातही असाच राखणदार असतो. आपल्या देशातली वीज सेकंदाला 50 फेऱ्यांच्या तालावर चालते. गावातले पंप सुरू झाले, भार वाढला, की टर्बाइन मंदावू पाहतं. लगेच गव्हर्नर पाण्याची वाट जरा मोठी करतो. भार घटला की लहान करतो. आबांचं विहिरीचं इंजिन आणि येलदरीचं वीजघर, दोघांचा गुरू एकच!

असो. घरी आलो. कुणी बोलेना. आजीनं चहा दिला. मग ताईनं हळूच विचारलं, "आबा, दोरी तुटली तर काय होईल, हे आपण आधी इचारलंच नव्हतं ना?"

मुलांनो, हा प्रश्न वहीत लिहून ठेवा. 'तुटली तर?' मोठमोठ्या इंजिनिअरांचं निम्मं काम या दोन शब्दांत आहे. होडीची दोरी कधीतरी तुटणारच. पण तुटल्यावर होडी धावत सुटणार की थांबणार, हे मात्र आपल्या हातात असतं. आबांची स्प्रिंग चुकीच्या बाजूला होती. ती उलटी लावली असती, तर दोरी तुटताच खटका आपोआप 'हळू' वर आला असता.

दुपारी आम्ही जिंतूरला सायकलच्या दुकानात गेलो. घेतलं काय? सायकलच्या ब्रेकची लांब तार, तिच्यावरचं काळं आवरण आणि एक मजबूत स्प्रिंग. भंगारातून एक लोखंडी पट्टी, बोल्ट, दोन वायसर. पंक्चरवाल्याकडून ट्यूबचा तुकडा.

ब्रेकची तार दोरीपेक्षा बरी का? एक तर नायलॉन ओलं झालं की ताणतं. आपण हात हलवतो, पण खटक्यापर्यंत ती हालचाल पूर्ण पोचतच नाही. दुसरं म्हणजे दोरी सरळ रेषेतच ओढते. वळणावर खिळे लावावे लागतात, आणि खिळ्यावर ती झिजते. ब्रेकची तार आवरणाच्या आतून धावते. आवरणाची दोन्ही टोकं पक्की बसवली की तार कशीही वळवा, या टोकाला जेवढी ओढाल तेवढीच त्या टोकाला सरकते. अर्नेस्ट बौडन या माणसानं 1896 साली तिचं पेटंट घेतलं, म्हणून तिला बौडन तार म्हणतात. तुमच्या सायकलला तीच, बाबांच्या स्कूटरच्या क्लचलाही तीच. फक्त वळणं मोठी ठेवायची. काटकोनात मोडली की ती अडकते. आणि ग्रीस विसरायचं नाही.

हे घरी करून बघता येतं. माशांच्या काचेच्या टाकीत हवा सोडायची पातळ नळी हातभर घ्या. आतून जाड दोरा ओवा. दोऱ्याच्या एका टोकाला पेन्सिल बांधा. नळी खुर्चीच्या पायाभोवती वळवा. एका मित्रानं नळीची दोन्ही टोकं घट्ट धरायची आणि दुसऱ्यानं दोरा ओढायचा. पेन्सिल नळीकडे सरकेल. आता मित्राला नळीची टोकं सोडायला सांगा. दोरा ओढला की नळीच सरकते, वाकते आणि पेन्सिल धड हलत नाही. म्हणजे आवरण नुसतं तारेला झाकत नाही, तेही अर्धं काम करतं!

आता राहिला हातातला दांडा. इंजिनावरचा खटका मोजला तर तो 4 सेंटिमीटर सरकत होता. हाताला एवढ्याशा हालचालीत बारीक वेग साधणं कठीण. मग ताईनं पाटीवर गणित मांडलं. लोखंडी पट्टी बोल्टपासून 20 सेंटिमीटर लांब ठेवायची आणि तार बोल्टपासून 5 सेंटिमीटरवरच्या भोकात अडकवायची. हात 16 सेंटिमीटर हलला की तार 4 सेंटिमीटर हलणार. चौपट लांब हालचाल, चौथा हिस्सा जोर. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातली तरफ ती हीच.

पण आबांची अडचण विसरायची नाही हं. चाळीस मिनिटं हात धरून कसा ठेवायचा? त्यासाठी होता ट्यूबचा तुकडा. दोन वायसरांमध्ये रबर घालून बोल्ट असा आवळला की पट्टी जिथं ठेवू तिथं राहावी, पण बोटानं ढकलली की सरकावी. आबा खूश! तर ताई म्हणाली, "आणि आबाच पाण्यात पडले तर?"

बघा, 'तुटली तर?' हा प्रश्न एकदा विचारला की थांबत नाही. खरंच की! दांडा जागेवर राहिला तर रिकामी होडी तशीच धावेल. मग पट्ट्याच्या दांड्याला खाचेत धरून ठेवणारी एक खुंटी केली आणि खुंटीला लाल दोरी बांधली. दोरीचं दुसरं टोक आबांच्या मनगटाला. आबा जागेवरून हलले की खुंटी निघणार, दांडा पडणार आणि पंखा थांबणार. मोठ्या कारखान्यांत बनलेल्या मोटरबोटींना अशीच लाल दोरी असते. ती ओढली गेली की इंजिनच बंद होतं. आबांनी ती कधी पाहिलेली नव्हती, ताईनंही नाही. नीट विचार करणारी माणसं कुठंही असोत, कशी एकाच ठिकाणी येऊन पोचतात बघा!

1854 साली न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात एलिशा ओटिस नावाचा माणूस दोरानं उचललेल्या पाळण्यात उंचावर उभा राहिला आणि सगळ्यांसमोर त्यानं तो दोर कापायला लावला. लोकांचे श्वास अडकले. पाळणा जरासा घसरला आणि थांबला. दोर तुटताच कड्या अडकाव्यात, अशी सोय त्यानं केली होती. आज आपण लिफ्टमध्ये बिनधास्त चढतो ते त्यामुळे. रेल्वेचंही तसंच. पूर्णा जंक्शनला उभी असलेली गाडी पाहिलीत तर दोन डब्यांच्या मध्ये जाड नळ्या दिसतील. त्यांतल्या ब्रेकच्या नळीत हवा दाबून भरलेली असते. डबा सुटला, नळी निसटली, की हवा निघून जाते आणि ब्रेक आपोआप लागतात. बिघडलं की थांबायचं. चांगल्या यंत्राला ही शिस्त लावलेली असते.

ही शिस्त नसली तर काय होतं? मोठ्यांनी वर्तमानपत्रात वाचलं असेल. 18 डिसेंबर 2024 रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चालू असताना नौदलाची एक वेगवान बोट ताब्याबाहेर गेली आणि घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर आदळली. 15 माणसं गेली. त्याच वर्षी मे महिन्यात उजनीच्या जलाशयात वादळी वाऱ्यात होडी उलटून 6 जण बुडाले. आणि 2023 साली जायकवाडीच्या फुगवट्याकाठच्या भिवधानोऱ्याची मुलं थर्माकोलच्या जाड तुकड्यांवर बसून शाळेत जात असल्याची बातमी आली होती. धरणं आपल्याला पाणी देतात, वीज देतात. पण त्यांच्या काठावरच्या माणसांना रोज ते पाणी ओलांडायचंही असतं. म्हणून हा विषय नुसत्या गमतीचा नाही.

पालकांसाठी दोन शब्द. इंजिन, पट्टा आणि खोल पाणी यांच्याशी मुलांनी एकट्यानं खेळू नये. जलाशयात होडी घालायची तर परवानगी लागते आणि होडीत बसायचं तर अंगावर लाइफ जॅकेट हवंच. ट्यूब ही नाइलाजाची सोय झाली. पण सायकलचा ब्रेक खोलून बघायला, नळीत दोरा ओवायला, पट्टीला भोकं पाडून तरफ करायला मुलांना जरूर बसवा. हात थोडे काळे होतील, होऊ द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवी तार लावून आम्ही पाण्यात उतरलो. काठापासून दूर, उघड्या पाण्यात आबांनी वेग वाढवला. मग त्यांनी ताईकडे पाहिलं. ताईनं खिशातून पक्कड काढली आणि तारेचं टोक चक्क सोडून दिलं. स्प्रिंगनं खटका ओढला. इंजिनाची धडधड मंद झाली, होडी हळू हळू होत पाण्यावर डुलायला लागली. कुणी काही केलं नव्हतं.

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग टोपी सारखी करून म्हणाले, "आता पलीकडं जाताना हिला बी नेत जाईन. दांडा पाडाया नव्हं, इचाराया."

तुम्ही येलदरीला गेलात तर धरणाच्या भिंतीवरून पाणी बघाच. पावसाळा चांगला झाला असेल आणि दरवाजे उघडले असतील, तर तो आवाज जन्मभर लक्षात राहील. पण लांबून, बरं का! आणि घरी परतल्यावर सायकल बाहेर काढाल तेव्हा ब्रेकची तार एकदा वाकून बघा. टोकाशी तिचे धागे सुटलेले दिसतात का? दिसत असतील तर आजच बदलून घ्या. आणि स्वतःलाच विचारा, ही तुटली तर?